मादामचं लाल सार

कामिनीच्या साखरपुड्याच्या सकाळी, पोरीला न्हाऊ घालायचं सोडून, देवकी बेटावरच्या उसाच्या कोठीच्या स्वयंपाकघरात बैलाच्या नळीच्या हाडासमोर उभी होती. नळी परातीत आडवी पडली होती आणि ती उचलून टोपात सोडायचं काम देवकीवर आलं होतं.

कोठीचा आचारी तेओफिल तीन दिवसांपूर्वी कमरेचं फडकं फेकून चालता झाला होता. बिटाचं सूप करायला सांगून मादामनं आपला अपमान केला, असं त्याचं म्हणणं. भांडी घासायला आणि मसाला वाटायला ठेवलेली देवकी तेवढी मागे उरली, तेव्हा मादाम लिदियानं तिचाच हात धरला. "मी सांगते, तू कर," ती म्हणाली. बेटावरची क्रिओल बोली मादामची मोडकी आणि देवकीचीही मोडकी, त्यामुळे दोघींचं एकमेकींना छान समजे.

मादाम रशियाची. कोठीचे मालक मुस्ये केर्वाल साखर विकायला म्हणून पॅरिसला गेले होते. साखर पडेल भावात विकून ते बायको घेऊन परतले, असं पितों गावाच्या आसपासच्या कोठ्यांवर लोक हसून सांगत. इथं आल्यापासून तिला कशाचीच चव लागेना. आईच्या हातचं लाल सूप आठवून ती जेवता जेवता रडे, आणि मुस्ये मान फिरवून मासा खात बसत. मग तिच्या माहेराहून एक पेटी आली, पेटीत बिटाचं बी निघालं, आणि मादामनं ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे गुपचूप पेरलं.

गुपचूप पेरलं, कारण त्या घरात बिटाचं नाव काढायची सोय नव्हती. तिकडे युरोपात लोक बिटापासून साखर काढायला लागले होते, आणि मुस्ये जेवायला बसले की बिटाला नाव न घेता ‘तो बदमाश’ म्हणत. साखरेचं बीट पांढरं असतं, हे तांबडं आहे, एवढं मादामनं त्यांना चारदा समजावलं. पण शत्रूच्या घरातलं तान्हं पोरही शत्रूच, अशी मुस्येंची समजूत. खुराड्यामागचा वाफा सापडला त्या दिवशी बंगल्यात काचेचं काय काय फुटलं ते देवकीनंच केरात भरलं होतं. शेवटी तह झाला: रविवारच्या पाहुण्यांना एकदा ते सूप घालायचं, आणि त्यानंतर कोठीच्या हद्दीत एकही बीट दिसता कामा नये. त्यामुळे आज माळ्यानं पहाटे अख्खा वाफा उपटून दारात आणून ओतला होता. बिटांचा ढीग देवकीच्या गुडघ्याला लागत होता.

नळीचं देवकीनं आधीच घरात सांगितलं होतं. घरात म्हणजे थोरल्या दिरांना, कारण त्या घरात सांगायचं ते त्यांनाच. ऊसमजूर म्हणून जहाजावर चढताना कारकुनानं त्यांचं नाव ‘चंदर, कुळवाडी’ एवढंच लिहून घेतलं होतं. बेटावर पाच वर्षं काढल्यावर ते चंद्रमोहन झाले. सिरदाराची, म्हणजे मुकादमाची, काठी हातात येऊन चाळीस मजुरांवर हुकूम चालायला लागला, तेव्हा त्यांचे वडील गावचे खोत निघाले. आणि परवा तेर रूज गावच्या पाहुण्यांसमोर त्यांच्या आजोबांनी पेशव्यांच्या पंगतीत तूप वाढलं होतं. आणखी दहा वर्षं इथं काढली तर घराणं साताऱ्याच्या गादीपर्यंत पोचेल, असं देवकीचा नवरा बलराम एकदा म्हणाला होता. पण ते अंथरुणात, आणि हळू आवाजात.

"भावजी, मादाम बैलाचं हाड टाकाया सांगती," देवकी म्हणाली होती.

चंद्रमोहननी विडी विझवली. "हाताला लागतं ते पाण्यानं जातं. मादाम सांगेल ते कर. मादाम खूश तर मुस्ये खूश."

मुस्ये खूश झाले की चंद्रमोहनना कोठी सोडायची चिठ्ठी मिळणार होती. ती मिळाली की ते तेर रूजला जाऊन जयदेवरावांच्या बैलगाड्यांच्या धंद्यात भागीदार होणार होते. आणि त्या भागीदारीसाठी जयदेवरावांना कामिनी हवी होती.

जयदेवरावांच्या नावातला ‘राव’ही बेटावरच उगवलेला. दोन गाड्या, एक दुकान, आणि पाठोपाठ वारलेल्या दोन बायका. वय ते पस्तीस सांगत. त्यांचा थोरला मुलगा सव्वीस वर्षांचा होता. कामिनीला पंधरावं लागलं होतं. "आये, त्यो सव्वीस वर्साचा माजा ल्योक मला आई म्हनंल का गं?" असं तिनं एकदाच विचारलं, आणि मग दोन दिवस ती जेवली नाही. बलरामनं सोयरिकीला हो म्हटलं नव्हतं. तो नाही म्हणाला नव्हता इतकंच. आणि त्या घरात तेवढ्याला होकार म्हणत.

देवकीनं चिमटा घेतला, तोंड फिरवलं आणि नळी टोपात सोडली.

मादाम बाही सरसावून शेजारी येऊन उभी राहिली. तिनं फेस काढायला लावला, कांदा आणि गाजर बारीक चिरायला लावलं. बिटं किसताना देवकीचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले. लोण्यावर कीस परतायला घातला तसा गोडसर, मातकट वास सुटला. "आता आंबट," मादाम घाईनं म्हणाली. "आत्ताच. नाही तर रंग मरतो." सिरका तेओफिल जाताना घेऊन गेला होता. देवकीनं चिंच कोळली आणि किसावर पिळली. रंग मरायचा तो उलट उजळला.

कोबी गेला, बटाटे गेले. मग मादाम दोन्ही हातांनी हवेत काहीतरी बारीक बारीक दाखवायला लागली. पान, हिरवं, केसांसारखं. तिला त्याचं नाव कोणत्याच भाषेत आठवेना. देवकी ताडकन उठली आणि आपल्या झोपडीमागनं जुडी उपटून घेऊन आली. शेपूच होता तो. घरातलं कोणी त्याला तोंड लावत नसे, ती एकटीच दर वर्षी लावत होती. मादामनं जुडी नाकाला लावली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर मटकन बसून रडायला लागली. देवकी तिच्याजवळ उभी राहिली. परक्या मुलखात शेपूसाठी रडणारी बाई तिला चक्रम वाटली नाही.

पण एक अडचण होती. त्या टोपातलं देवकी जिभेला लावणार नव्हती, आणि चव बघितल्याशिवाय तिला मीठ कळत नव्हतं. बिटं तर अजून टोपलीभर उरली होती. तिनं दुसरा मोठा टोप चढवला, त्यात हाडाच्या पाण्याऐवजी तुरीच्या डाळीचं पातळ कढण ओतलं आणि बाकी सगळं पहिल्यासारखंच घातलं. मग या टोपात चाखायचं आणि त्या टोपात मीठ टाकायचं, असं करत तिनं दोन्ही उतरवले. दोन्हीचे पळे वेगळे ठेवले होते, आणि ते एकमेकांत गेले नाहीत याची ती सबंध सकाळ डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होती.

दुपारी पाहुण्यांनी पहिला टोप संपवला. एक इंग्रज अधिकारी म्हणाला की चार वर्षांपूर्वी आपण क्रिमियात या रशियन लोकांवर तोफा डागत होतो, आणि असं सूप मिळतं हे आधी माहीत असतं तर लवकर तह केला असता. सगळे हसले. मुस्येंनी ‘तो बदमाश’ दोन बशा खाल्ला, आणि त्यात काय होतं हे आपल्याला ठाऊकच नाही अशा चेहऱ्यानं ओठ पुसले.

मादाम स्वयंपाकघरात आली ती लाल डोळ्यांनी आणि हसऱ्या तोंडानं. दुसरा टोप बघून तिनं चाखलं आणि थबकली.

"यात मांस नाही."

"न्हाई, मादाम. डाळ हाय."

"आमच्याकडे उपासाच्या दिवसांत असंच करतात," मादाम म्हणाली. "आईचं तर हेच चांगलं व्हायचं." तिनं टोपावर भरतकाम केलेला पांढरा रुमाल बांधला, वर दाट सायीचं दही मडक्यात भरून दिलं, आणि दोन माळ्यांना हाक मारली. "आज तुझ्या मुलीचा दिवस ना? घेऊन जा."

मजुरांच्या झोपड्यांपुढच्या अंगणात पंगत बसायची वेळ झाली होती. चंद्रमोहननी पाहुण्यांवर छाप पाडायला ठरल्यापेक्षा दहा माणसं जास्त बोलावली होती, आणि स्वतः दुपारच्या उन्हात काळा लोकरी कोट चढवून घामाघूम उभे होते. त्यांची बायको भगवती पहाटेपासून चुलीशी होती. वडे झाले होते, भात झाला होता, पण आमटी खाली लागली होती आणि ती लागल्याचा वास जयदेवरावांच्या नाकापर्यंत पोचला होता. जयदेवरावांनी आणलेला साखरेचा पुडा देवासमोर ठेवला होता. साखर ह्याच कोठीची. ती पोर्ट लुईला जाऊन, दुकानात बसून, रंगीत कागद गुंडाळून पुन्हा जन्मगावी आली होती. कामिनी नव्या साडीत मान खाली घालून बसली होती.

माळ्यांनी टोप खाली ठेवला तसे चंद्रमोहन पुढे झाले.

"काय आहे हे?"

"मादामनी दिलं," देवकी म्हणाली. "भावजी, त्याचं काय हाय, की दोन..."

"मादामनी!" चंद्रमोहननी आवाज चढवला. पाहुणे आले की ते शुद्ध बोलत. "ऐकलंत का, जयदेवराव? खुद्द मादामनी आपल्या हातानं आमच्या कामिनीसाठी पाठवलं आहे. रुमाल पाहा. हा मान या कोठीवर आजवर कोणाला मिळालेला नाही."

"भावजी, आधी ऐका तरी, ह्यात..."

"पाहुण्यांसमोर बायकांनी मध्ये बोलू नये." मानाच्या भरात हाडाची गोष्ट विसरून त्यांनी पळा स्वतःच हातात घेतला. वाट्या पुरेनात म्हणून करवंट्या आणल्या गेल्या.

जयदेवरावांनी करवंटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. पंगत थांबून त्यांच्याकडे बघायला लागली.

"सार," ते म्हणाले. आवाज अगदी वेगळाच, दुकानातला नव्हता. "अहो, हे आमसुलाचं सार आहे! माझी आत्या करायची. राजापूरला."

आमसूल या बेटावर कोणाला दिसलं नव्हतं. बावीस माणसं एकदम करवंट्यांवर वाकली. कोणी म्हणालं, अगदी घरचं. कोणी म्हणालं, थोडं गोड आहे, पण आंबट तेच. म्हातारे लक्ष्मणबुवा काही न बोलता पदरी पडलेलं पीत होते आणि त्यांच्या मिशा तांबड्या झाल्या होत्या. जयदेवरावांनी तिसऱ्यांदा करवंटी पुढे केली, दही घातलं, भातावर ओतलं, बोटं चाटली. भगवतीची आमटी पातेल्यात तशीच राहिली.

भगवतीनं स्वतः दोन वाट्या घेतल्या होत्या. पण सगळ्यांचं कौतुक धाकट्या जावेच्या वाट्याला चाललंय हे तिला सोसेना.

"गोडवे कसले गाताय," ती पदर खोचत म्हणाली. "इचारा तिला. आज सकाळी कोठीत खाटकाची गाडी आली व्हती. पान्याला गेले तवा बैलाची नळी उतरवताना म्या ह्या डोळ्यांनी बघितली. इचारा, कशात टाकली ती."

अंगणात कोणी घास गिळेना. मग भगवतीच्याही लक्षात आलं की आपण दोन वाट्या खाल्ल्यात, आणि तिनं घाबरून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"देवकी," चंद्रमोहन म्हणाले. "कोठीत हाड आलं होतं?"

"आलं व्हतं."

"आणि ते टोपात टाकलंस?"

"टाकलं. पन त्यो टोप..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. एकजण झाडामागे पळाला. कोणी तुळशीचं पाणी मागत होतं, कोणी दात घासायला राख शोधत होतं. जयदेवराव तोंडात बोट घालून तिसरी करवंटी परत बाहेर काढायच्या खटपटीत होते, पण आत्याचं सार पोटात घट्ट बसलं होतं.

"बाटवलंस!" चंद्रमोहन ओरडले. "पेशव्यांच्या पंगतीत वाढलेलं आमचं घराणं, आणि तू..."

"भावजी, तुमीच म्हनाला व्हता. हाताला लागतं ते पान्यानं जातं."

"मी?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मी असं म्हणेन? ही बाई आजपासून आमच्या चुलीला मेली. हिच्या हातचं पाणी कोणी घ्यायचं नाही."

देवकीनं चौथ्यांदा तोंड उघडलं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, की पहिला टोप गोऱ्यांनी संपवला आणि हा दुसरा आहे. तेवढ्यात तिची नजर कामिनीकडे गेली. पोरगी मान वर करून बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर रक्त आलं होतं. सोयरीक मोडतेय, एवढंच तिला दिसत होतं.

देवकीनं तोंड मिटलं आणि मागे जाऊन झोपडीच्या उंबऱ्यावर बसली.

मघाचा तमाशा आता वेगळ्याच वाटेला लागला. तिला वाळीत टाकायचं हे ठरलं. पण टाकणार कोण? ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याचं तोंड तांबडं होतं. जयदेवरावांना सगळ्यांच्या आधी घाम फुटला. तेर रूजला ते पंच होते. एका गरीब माणसानं ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरचा पाव खाल्ला म्हणून मागच्याच वर्षी त्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं, आणि तो माणूस अजून रोज त्यांच्या दुकानासमोरून न बोलता जात होता. हे त्याला कळलं तर?

"चंद्रमोहन," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "जरा बाजूला या."

दोघं बदामाच्या झाडाखाली गेले. हातवारे झाले, कोट निघाला, पुन्हा चढला.

तोवर बलराम उंबऱ्याशी आला आणि बायकोशेजारी खाली बसला. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं; त्याच्याकडे कोणी बघायची सवयच त्या घरात नव्हती.

"कोनचा टोप आनलास गं?" त्यानं हळू विचारलं.

देवकी चमकली. सबंध अंगणात हे विचारणारा तो पहिलाच. "तुमाला कसं ठावं, दोन व्हते म्हून?"

"चव बघितल्याबिगर तू कदी काय उतरवलंयस का? आन् हाड घातलेलं तू तोंडाला लावनार न्हाईस."

"दुसरा आनला. डाळीचा."

बलरामनं मोठा श्वास सोडला. "मंग सांगितलं का न्हाईस?"

"तीनदा सांगाया गेले. मंग पोरीकडं बघितलं. सांगितलं की सारं निस्तरंल. आन् सारं निस्तरलं की त्यो म्हातारा तिला घिऊन जाईल. मला वाळीत टाकू द्या. मला चालंल."

बलराम मातीत काडीनं रेघा ओढत बसला. कामिनीकडे त्यानं एकदा बघितलं, मग भावाच्या काळ्या कोटाकडे. शेवटी काडी टाकून तो उठला.

"तू गप ऱ्हा. आता मी बोलतो."

बेटावरच्या चौदा वर्षांत हे वाक्य देवकीनं पहिल्यांदा ऐकलं.

झाडाखालची मंडळी परत आली होती. जयदेवरावांनी घसा साफ केला. "चौकशी नीट झाली नाही, असं आमचं मत पडलं. घाईत माणूस विसरतं. देवकीबाई, आठवा बरं. हाड टाकायचं राहूनच गेलं असेल?"

"राहूनच गेलं असणार," चंद्रमोहन म्हणाले. "आमची देवकी असं करणार नाही. मी तिला चांगली ओळखतो."

"मीबी लांबून बघितलं व्हतं," भगवती घाईघाईनं म्हणाली. "लाकूडबी आसंल ते. सरपनाचं."

"लाकूडच," लक्ष्मणबुवा मिशा पुसत म्हणाले.

"तुळशीवर हात ठेवून एवढं म्हणा, की झालं," जयदेवराव म्हणाले. "मग पुढचं कार्य आटपून घेऊ."

"ती म्हनंल," बलराम म्हणाला. सगळ्यांनी मान वळवली. काहींना आधी कळेचना आवाज कोणाचा. "पन आधी कामिनीच्या अंगावरची साडी परत न्या. सोयरीक न्हाई."

"बळ्या!" चंद्रमोहनच्या तोंडातून शुद्ध बोलणं गळून पडलं. "तुजं डोस्कं फिरलं का? थोरला भाऊ हितं हुबा हाय!"

"दिसतोय की, दादा. चौदा वर्सं दिसतोय." बलरामनं हात पाठीमागे धरले. "सगळी बाटली असली तर आमाला काय हाय? उद्या सकाळी आमी ऊसच तोडनार. उसाला जात कळत न्हाई. गाड्या हाकायच्यात त्या तुमाला, आन् पंच म्हून बसायचंय ते ह्यास्नी. पोरगी मोकळी करा, न्हाईतर मी सोता तेर रूजला चालत जाईन आन् तिथल्या चवाठ्यावर सांगंन, कोनी किती करवंट्या खाल्ल्या त्या."

जयदेवरावांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता, आणि त्यातल्या प्रत्येकानं जयदेवरावांची तिसरी करवंटी मोजली होती.

"खरं सांगायचं," जयदेवराव शेवटी सावकाश म्हणाले, "मुलीची रास जुळत नाही असं मला सकाळपासूनच वाटत होतं. तुमच्या आग्रहाखातर आलो, चंद्रमोहन."

"पण आपली भागीदारी?"

"ते बघू," जयदेवराव म्हणाले. आणि हे ‘बघू’ कशाचं आहे ते चंद्रमोहनना कळलं, कारण सिरदार म्हणून ते स्वतः मजुरांना रोज तेच सांगत होते.

कामिनी आत जाऊन जुनी साडी नेसून आली आणि नवी घडी करून पाटावर ठेवली. मग देवकी तुळशीपुढे गेली. तिनं मातीवर तळहात टेकला. किसलेल्या बिटाचा रंग अजून नखांत होता.

"म्या हितं आनलेल्या टोपात हाड न्हवतं," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "बैलाचं न्हाई, कशाचंच न्हाई. तुरीची डाळ व्हती."

अंगणात बावीस माणसांनी एकदम श्वास सोडला. लक्ष्मणबुवांनी तर शेजाऱ्याच्या कानात म्हटलंच, "डाळ! काय पन सुचलं बाईला." त्या अंगणात त्या दुपारी पहिल्यांदाच कोणीतरी सबंध खरं वाक्य बोललं होतं, आणि ते खोटं आहे अशी खात्री असल्यामुळेच ते सगळ्यांना मनापासून पटलं. जयदेवरावांनी टोपी घातली, साडी उचलली, दोन पावलं गेले, आणि परत येऊन साखरेचा पुडाही उचलून नेला.

पांगापांग झाल्यावर भगवती खरकटी गोळा करायला म्हणून जवळ आली. "येवढं मोठं पाप आमच्यापायी माथ्यावर घेतलंस, देवकी," ती कुजबुजली. तिचे डोळे खरेच ओले होते. "तुज्या नावानं मी सोळा सोमवार धरीन."

"धरा, जाऊबाई," देवकी म्हणाली. तिला नको म्हणणं जड गेलं.

चंद्रमोहन झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. कोट अंगातच होता. मुस्येंकडे चिठ्ठी मागायचं कारण आता उरलं नव्हतं, आणि उद्या पहाटे त्यांना काठी घेऊन शेतात जायचं होतं, जिथं भाऊ त्यांच्या हाताखाली ऊस तोडणार होता. यापुढे त्याला हाक कशी मारायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

देवकी टोपाचा रुमाल घडी करत होती तेव्हा कामिनी मागून आली आणि तिच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली.

"आये, माज्यापायी तुळशीवर खोटी शपथ घेतलीस."

"खोटी न्हाई गं. खरंच डाळ व्हती. दोन टोप व्हते."

कामिनी पुढे आली. तिनं आईचे तांबडे हात आपल्या हातांत घेतले आणि मोठ्या माणसासारखी मान हलवली. डोळे भरले होते, आणि त्यात आईबद्दल असं काही होतं की जे देवकीनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"व्हय, आये," ती म्हणाली. "डाळच व्हती. कोनी बी इचारलं तर मी हेच सांगंन. मरूस्तवर."

देवकीनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पलीकडे बलराम टोपाचा तळ बोटानं निपटून चाटत होता आणि तिच्याकडे बघून गालात हसत होता. माझ्यासाठी आईनं देवापुढे पाप केलं, हे पोरीला मिळालं होतं. तिला आजवर कोणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं, आणि ते काढून घ्यायचं देवकीच्या जिवावर आलं.

तिनं टोप नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला आणि घासायला विहिरीकडे निघाली.